पस्तिशीतला फॉरवर्ड क्लबने घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरमध्ये सुपर लीगचा, म्हणजे रग्बी लीग या खेळाच्या इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या स्पर्धेचा, मोसम संपतो आणि उत्तर इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या देवाणघेवाणीच्या गप्पा सुरू होतात. चौतीस-पस्तीस वर्षांचा, एकेकाळी देशासाठी खेळलेला एखादा प्रॉप, म्हणजे पुढे राहून धडका देणारा फॉरवर्ड, करारातून मोकळा झालेला असतो. निम्म्या लोकांना तो हवा असतो, उरलेल्यांना त्याचं नावही नको असतं. मी बरीच वर्षं हा खेळ जिवाच्या आकांताने बघत आलो आहे. इकडे आलेले मराठी मित्र आणि ऑस्ट्रेलियातले नातेवाईक मला जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र केलं आहे.

रग्बी लीग म्हणजे ऑलिंपिकमध्ये दिसतं तेच ना?

नाही. ऑलिंपिकमधला खेळ रग्बी युनियनच्या घराण्यातला, सात-सात जणांचा. 2025 मध्ये मुंबईत जी रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही तीच. रग्बी लीग हे वेगळं घर आहे आणि ते वेगळं का झालं, हे आपल्या गिरणगावातल्या माणसाला चटकन कळेल. यॉर्कशर आणि लँकेशरचे खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे होते. शनिवारी सामन्याला गेलं की खाडा पडायचा आणि पगार कापला जायचा. त्या बुडालेल्या रोजीची भरपाई द्यायला दक्षिणेतले खेळाचे कारभारी तयार नव्हते. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब बसले आणि वेगळे झाले.

पुढे नियमही बदलले. एका संघात तेरा खेळाडू. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत संधी, मग चेंडू समोरच्यांकडे. दर टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे जायचं आणि पुन्हा धावत पुढे यायचं. ऐंशी मिनिटं हेच चालतं. कबड्डी मनापासून बघणाऱ्या माणसाला या खेळातली पकड समजावून सांगावी लागत नाही.

वयाची चर्चा फॉरवर्डांबद्दलच एवढी का होते?

कारण मार सगळ्यात जास्त तेच खातात. 8 आणि 10 क्रमांकाचे प्रॉप, 9 क्रमांकाचा हुकर, 11 आणि 12 चे सेकंड रो, 13 चा लूज फॉरवर्ड, असा हा सहा जणांचा पॅक. विंगर म्हातारा झाला की ते पहिल्याच सामन्यात उघडं पडतं, समोरचा पोरगा त्याला मागे टाकून निघून जातो. प्रॉपचं तसं नसतं. त्याचं काम तीन माणसांच्या भिंतीत शिरायचं, आठ-दहा मीटर कमवायचे, खाली पडायचं, उठायचं. ताकद आणि कसब वेगापेक्षा जास्त टिकतात. म्हणून पस्तिशीतला प्रॉप "अजून एक वर्ष निघेल" असं म्हणतो, तेव्हा ते खरंही असू शकतं. खरी पंचाईत इथेच आहे, ते खोटंही असू शकतं आणि करारावर सही करताना कळत नाही.

सगळे फॉरवर्ड एकसारखे म्हातारे होत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. मेलबर्न स्टॉर्मचा कॅमरन स्मिथ हुकर होता. एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत 430 सामने खेळून 2020 ची ग्रँड फायनल जिंकली आणि सदतिसाव्या वर्षी थांबला. त्याचं सगळं काम डोक्याने आणि हातांनी चाले. मॅनलीचा स्टीव्ह मेंझिस सेकंड रोमध्ये खेळायचा, कडेच्या बाजूला. भिंतीला धडका देण्यापेक्षा फट कुठे पडणार हे आधी ओळखून तिथे पोचणं हा त्याचा गुण. फॉरवर्ड असून त्याने पहिल्या श्रेणीच्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत 180 ट्राय केले, म्हणजे इतक्यांदा समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले. चौतिसाव्या वर्षी, 2008 मध्ये, मॅनलीने मेलबर्नला 40-0 ने हरवलेल्या अंतिम सामन्यात त्याने मॅनलीचा निरोप घेतला. सगळ्यांना वाटलं आता इंग्लंडमध्ये येऊन एखादं वर्ष काढेल. तो ब्रॅडफर्डला दोन मोसम आणि मग फ्रान्समधल्या कॅटलन्सला तीन मोसम खेळला. थांबला तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता.

वय नेमकं कुठे जाणवतं?

पहिल्या टॅकलमध्ये कधीच नाही. तिथे म्हातारा गडी तरुणाइतकाच जोरात आदळतो, पुष्कळदा जास्तच, कारण अंग कसं झोकायचं ते त्याला ठाऊक असतं. जाणवतं ते लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या कामात: टॅकल केलं, उठला, दहा मीटर मागे गेला, पुन्हा पुढे आला, पुन्हा टॅकल. चौथ्या वेळी तो दहाऐवजी सात मीटरच मागे पोचतो आणि पेनल्टी जाते. किंवा पोचतो, पण उभा राहून, आणि समोरचा हुकर नेमका त्याच्याच बाजूने पळतो. चांगले संघ सामन्याची पहिली वीस मिनिटं असा दमलेला गडी हेरण्यातच घालवतात.

2020 पासून हे आणखी अवघड झालं. टॅकलनंतर खेळ रेंगाळवला की आता पेनल्टीऐवजी पुन्हा सहा टॅकलची मोजणी सुरू होते, खेळ थांबतच नाही. पूर्वी पेनल्टीच्या वेळी श्वास घ्यायला मिळायचा, तो गेला.

दुसरं जाणवतं ते सामन्यानंतर. पंचविशीत शुक्रवारचा मार सोमवारी निवळतो. पस्तिशीत बुधवार उजाडला तरी मान वळत नाही. ईस्टरला गुड फ्रायडे आणि लगेच सोमवारी, असे चार दिवसांत दोन सामने खेळायची इथली जुनी रीत होती. त्या दिवसांत कुणाचं वय काय, हे जन्मदाखला न बघता सांगता यायचं.

मग थेट सांगा, घ्यावा की नाही?

घ्यावा, पण ठरावीक मिनिटांसाठी, नावासाठी नाही. एका वर्षाचा करार, सामन्यामागे पंचवीस ते पस्तीस मिनिटं, तीही बेंचवरून, आणि पगार संघातल्या मधल्या फळीचा. यातली एक जरी अट तो किंवा त्याचा एजंट नाकारत असेल, तर कितीही मोठं नाव असलं तरी हात जोडून निरोप द्यावा.

जमलेलं एखादं उदाहरण आहे?

माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा जेम्स ग्रॅहॅमच येतो.

ग्रॅहॅम हा इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स क्लबचा प्रॉप. 2006 ची ग्रँड फायनल त्याने अगदी तरुणपणी जिंकली आणि त्यानंतर 2007 ते 2011 अशी सलग पाच वर्षं त्याचा संघ अंतिम सामन्यात हरला. तो सिडनीला कँटरबरी बुलडॉग्सकडे गेला, तिथेही 2012 आणि 2014 च्या अंतिम सामन्यांत हरला. मग सेंट जॉर्ज इलावारा. 2020 मध्ये कोविडने सगळं ठप्प झालेलं असताना सेंट हेलेन्सचा पंचविशीतला प्रॉप ल्यूक थॉम्पसन ठरलेल्या वेळेआधी कँटरबरीला निघून गेला. मोसमाच्या मधोमध पॅकमध्ये भगदाड पडलं. क्लबने ग्रॅहॅमला परत बोलावलं, फक्त तो मोसम संपेपर्यंत.

यात क्लबचं शहाणपण बघा. भगदाड खरं होतं, कल्पनेतलं नव्हतं. मुदत ठरलेली होती. अ‍ॅलेक्स वॉल्म्सलीसारखा दांडगा प्रॉप आधीच संघात होता, त्यामुळे सगळा भार ग्रॅहॅमवर पडणार नव्हता. आणि माणूस असा, की नऊ वर्षांपूर्वी अर्धवट सोडून गेलेलं काम त्याला पुरं करायचं होतं.

27 नोव्हेंबर 2020, हलचं मैदान, एकही प्रेक्षक नाही. सेंट हेलेन्स विरुद्ध विगन, 4-4. वेळ संपल्याचा भोंगा वाजतो, टॉमी मेकिन्सनने ड्रॉप गोलसाठी, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताच गोलखांबांमधून मारायला, घेतलेली किक खांबाला लागून परत मैदानात उडी घेते आणि पोरसवदा जॅक वेल्सबी सगळ्यांच्या आधी झेपावून चेंडूवर हात ठेवतो. 8-4. लोकांना वेल्सबी आठवतो आणि ते बरोबरच आहे. मला आठवतो तो पस्तीस वर्षांचा ग्रॅहॅम. तो त्याचा शेवटचा सामना ठरला.

दुसरं उदाहरण जरा वेगळं, कारण त्यात खेळाडू तेवढा म्हातारा नव्हता. एड्रियन मॉर्ली तिशीच्या उंबरठ्यावर सिडनीहून वॉरिंग्टनला आला. वॉरिंग्टनने 1974 नंतर चॅलेंज कप, म्हणजे इथली बाद फेरीची मानाची स्पर्धा, जिंकलाच नव्हता. मॉर्लीच्या कप्तानीत 2009 मध्ये कप आला, 2010 मध्ये पुन्हा, आणि 2012 मध्ये मॉर्ली पस्तीस वर्षांचा असताना तिसऱ्यांदा. मोठ्या नावाचा माणूस थोडा लवकर घेतला, तर त्याची उतरतीची वर्षंसुद्धा क्लबच्या कामी येतात.

आणि फसलेली?

ती जास्त आहेत, फक्त लोक ती लवकर विसरतात.

सुपर लीगमध्ये आलेल्या कॅनडातल्या टोरांटो वुल्फपॅक क्लबने 2020 साठी सनी बिल विल्यम्सला आणलं. चौतीस वर्षांचा, रग्बी युनियनचा वर्ल्ड कप नुकताच खेळून आलेला, लीगपासून काही वर्षं लांब. या खेळातला सर्वांत महागडा करार म्हणून गाजावाजा झाला. टोरांटोला त्या मोसमात सुपर लीगमधला एकही सामना जिंकता आला नाही आणि जुलैमध्ये क्लबने स्पर्धेतूनच माघार घेतली. कोविडचा तडाखा खरा होता, विल्यम्सला एकट्याला दोष देणं अन्यायाचं होईल. पण ज्या संघाला सतरा धडधाकट माणसं उभी करताना धाप लागत होती, त्याने एकाच माणसावर एवढा पैसा ओतला. छप्पर गळत असताना दाराला चांदीची कडी लावण्यातली गत.

2011 मध्ये हल केआरने ऑस्ट्रेलियाचा विली मेसन आणला. तो मोजके सामने खेळला आणि अर्धा मोसमही होण्याआधी निघून गेला. तिथे गुडघ्यांनी दगा दिला नव्हता, मनच रमलं नव्हतं.

सॅलरी कॅपचा यात काय संबंध?

सगळाच. सुपर लीगमध्ये क्लबला पगारावर किती खर्च करता येईल याला वर्षाची मर्यादा आहे, गेली काही वर्षं ती साधारण 21 लाख पौंड आहे. काही निवडक बड्या खेळाडूंच्या पगारातला ठरावीक भागच या मर्यादेत धरला जातो, म्हणून बड्या नावांचा मोह वाढतो. पण ती सवलतही मोजक्याच जागांसाठी असते. एक जागा पस्तिशीतल्या प्रॉपला दिली, की तेवढ्यात येणारा सत्तावीस वर्षांचा हाफबॅक, म्हणजे चाली रचणारा खेळाडू, हातचा गेला. माझ्या मते ही सवलत प्रॉपवर कधीच खर्च करू नये. सामने जिंकून देणारी बुद्धी 6 आणि 7 क्रमांकांत असते, तिथे खर्च करावी. खेळाडू परदेशी असेल तर परदेशी खेळाडूंच्या कोट्यातलीही एक जागा जाते.

आकडे तर चांगले दिसतात. मग भीती कशाची?

आकडे कसे जमले ते बघा. हरणाऱ्या संघातला फॉरवर्ड नेहमीच जास्त टॅकल करतो, कारण चेंडू सतत समोरच्यांकडे असतो. एकूण मीटरही फसवे असतात. किक झेलून मोकळ्या जागेत पळत आलेले मीटर वेगळे आणि भिंतीत शिरून, अंगाला माणसं लटकलेली असताना काढलेले मीटर वेगळे. म्हाताऱ्या प्रॉपचे हे दुसरे मीटर आधी आटतात.

मी तीन गोष्टी बघतो. टॅकल झाल्यावर तो किती पटकन उठून चेंडू मागे देतो, कारण त्यावर पुढच्या चालीचा वेग ठरतो. पहिल्या खेपेनंतर बेंचवर जाऊन परत आल्यावर त्याचं काम किती घसरतं. आणि गेल्या दोन मोसमांत तो सलग किती सामने खेळला. एकूण वीस सामने खेळले, पण तीन-तीनच्या तुकड्यांत, मध्ये पोटरी, मग हॅमस्ट्रिंग, मग पुन्हा पोटरी, तर तो गडी संपत आला आहे. आकड्यांपेक्षा अख्ख्या सामन्याचं चित्रीकरण बघावं, आणि तेही चेंडू त्याच्यापासून लांब असताना तो काय करतो ते.

त्याच्यामुळे क्लबच्या तरुण पोराची जागा जाणार नाही का?

हाच खरा प्रश्न आहे.

प्रॉप उशिरा पिकतो. अठराव्या वर्षी विंगर चमकू शकतो, प्रॉपला अंगात ताकद भरायला आणि मार पचवायला शिकायला चोवीस-पंचवीस उजाडतात. ती वर्षं त्याला पहिल्या संघात मिनिटं मिळाली पाहिजेत. सामन्याला तेरा अधिक चार, अशी सतराच माणसं. बदल आठच. चार राखीवांतले दोन-तीन मिडल फॉरवर्ड असतात. त्यातली एक जागा वयस्क गड्याने वर्षभर अडवली, तर एकोणीस वर्षांचा पोरगा राखीव संघात कुजतो किंवा खालच्या विभागात उधारीवर जातो आणि तिथलाच होऊन बसतो.

म्हणून माझी अट अशी, की क्लबने सही करण्याआधी त्या तरुण पोराचं नाव घेऊन त्याची मिनिटं ठरवावीत. मोसमाच्या सुरुवातीला, फेब्रुवारी-मार्चच्या चिखलात, अनुभवी गड्याला जास्त मिनिटं. मे-जूनपासून पोराची वाढवायची, गड्याची कमी करायची. शेवटच्या मोठ्या सामन्यांना दोघं ताजे हवेत. हे प्रशिक्षकाने तोंडी म्हणून चालत नाही. तीन सामने हरले की प्रत्येक प्रशिक्षक घाबरून जुन्या माणसाकडेच वळतो, यात त्याचा स्वभाव वाईट असतो असं नाही, त्याची नोकरी पणाला लागलेली असते. क्लबच्या वरच्या माणसांनी लिहून घेतलेलं असलं, तरच पोराला न्याय मिळतो.

"ड्रेसिंग रूममधला अनुभव" वगैरे खरंच काही असतं?

असतं. कोल्हापूरकडच्या तालमीत वस्ताद स्वतः आखाड्यात फारसा उतरत नसेल, पण पोरगा पट काढताना हात दोन बोटं चुकीचा ठेवतो हे त्यालाच दिसतं. प्रॉपचं असंच आहे. टॅकलमध्ये गडी खाली कसा दाबायचा, पंचांना राग न येता दोन क्षण कसे मिळवायचे, खांदा कुठे लावला की मान वाचते, हे चोवीस वर्षांच्या मुलाला प्रशिक्षकाच्या पडद्यावरून कळत नाही. शेजारी उभं राहून सराव करणाऱ्याकडून कळतं.

पण वस्ताद होणं सगळ्यांना जमत नाही. काही मोठे खेळाडू आपली जागा जाईल या धास्तीने पोराला काहीच सांगत नाहीत. म्हणून आधीच्या क्लबातल्या तरुण खेळाडूंना फोन करून विचारावं. प्रशिक्षकांना विचारून फार उपयोग नाही, ते चांगलंच बोलतात.

डोक्याच्या दुखापतींचं काय?

इथे मला तडजोड मान्य नाही. 2019 मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी रग्बी लीगच्या माजी खेळाडूंच्या मेंदूत सीटीई हा वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा आजार आढळल्याचं प्रथमच मांडलं. ब्रिटनमध्ये माजी खेळाडूंनी खेळाच्या संघटनेविरुद्ध कायदेशीर लढा उभारला आहे. ज्याच्या परतण्याचं मी वर एवढं कौतुक केलं तो जेम्स ग्रॅहॅमसुद्धा निवृत्तीनंतर स्वतःच्या मेंदूच्या तपासण्यांबद्दल आणि मनातल्या धास्तीबद्दल उघडपणे बोलला आहे. एनआरएलने 2023 पासून कन्कशन, म्हणजे डोक्यावरच्या आघाताने मेंदूला धक्का, झालेल्या खेळाडूला साधारणपणे किमान 11 दिवस बाहेर बसवायचा नियम केला.

गुडघा, खांदा, घोटा यांची तपासणी प्रत्येक क्लब करतो. पस्तिशीतल्या फॉरवर्डसाठी मेंदूरोगतज्ज्ञाचं मत हवं, आणि तो तज्ज्ञ क्लबच्या पगारावरचा नसावा. मागच्या कन्कशनची पूर्ण यादी हवी. गेल्या दोन वर्षांत हलक्या धक्क्यानेही त्याला भोवळ आली असेल, तर करार करूच नये, तो फुकट खेळायला तयार असला तरी. त्याला मुलंबाळं आहेत, पुढे चाळीस वर्षांचं आयुष्य आहे.

जुना लाडका खेळाडू घरी परत येत असेल तर?

भावना मला समजते. प्रॉप पेटेरो सिव्होनिसेव्हा 2012 मध्ये ब्रिस्बेनला परतला आणि छत्तिसाव्या वर्षी एनआरएलमधला शेवटचा मोसम तिथेच खेळला, ते बघताना कुणाला बरं वाटलं नसेल? हल एफसीचा गॅरेथ एलिस हा 2016 मध्ये क्लबला वेम्बलीवरचा पहिला विजय मिळवून देणारा कप्तान. 2017 नंतर निवृत्त झाला, क्लबमध्येच काम करत होता, 2019 मध्ये पुन्हा जर्सी चढवली. तो रोज तिथेच असल्याने त्याचं शरीर कुठवर आलं आहे हे क्लबला नेमकं माहीत होतं. परक्या खेळाडूच्या बाबतीत ही खात्री मिळत नाही.

उलट बाजूही बघा. जेमी पीकॉकने 2015 मध्ये लीड्सबरोबर तिन्ही मोठे मान जिंकून सदतिसाव्या वर्षी निवृत्ती घेतली, यापेक्षा देखणा शेवट नाही. पुढच्या वर्षी तो हल केआरमध्ये अधिकारी होता. संघ जखमींनी पोखरला तेव्हा तो स्वतः पुन्हा मैदानात उतरला. त्याच्या हिमतीला सलाम, पण क्लब वाचला नाही. सॅलफर्डविरुद्धचा निर्णायक सामना जादा वेळेतल्या ड्रॉप गोलवर 19-18 असा गेला आणि हल केआर खालच्या विभागात घसरला. घरी परतणारा माणूस असला तरी त्याची जागा खरोखर रिकामी आहे का, हे आधी बघावं.

पदावनतीची भीती असते तेव्हा हे करार जास्त होतात का?

होत असत. मोसमाच्या मध्यावर तळाला असलेला क्लब हाती लागेल तो अनुभवी गडी उचलायचा. 2025 पासून सुपर लीगमधल्या जागा नुसत्या तक्त्यावर न ठरता क्लबच्या एकूण गुणांकनावर ठरू लागल्या, त्यात आर्थिक स्थिती, मैदान, प्रेक्षक हे सगळं येतं. त्यामुळे घाईगर्दीच्या खरेदीचं निमित्त कमी झालं आहे. या बदलावर माझे पुष्कळ आक्षेप आहेत, पण हा एक फायदा मान्य करतो.

मी सिडनीत पॅरामॅटाजवळ राहतो. तिकडेही हेच लागू?

बरंचसं. हॅरिस पार्क, वेस्टमीड भागातल्या आपल्या लोकांना पॅरामॅटा ईल्स या तिथल्या एनआरएल क्लबच्या निमित्ताने हे वाद ऐकू येतच असतील. फरक वेगाचा आहे. एनआरएलमध्ये उतरलेला फॉरवर्ड सुपर लीगमध्ये आणखी दोन वर्षं काढू शकतो, उलटा प्रवास क्वचितच जमतो. दुसरा फरक हवेचा. ब्रिस्बेनहून आलेल्या माणसाला जानेवारीत यॉर्कशरच्या गोठलेल्या मैदानावर सराव करावा लागतो, चार वाजता अंधार पडतो, घरच्यांना करमत नाही. बायकामुलं आधी येऊन गाव बघून गेली असतील तर करार टिकण्याची आशा जास्त.

करार झाला. पहिल्या महिन्यात मी प्रेक्षक म्हणून काय बघू?

त्याची धाव बघू नका, ती पहिल्या महिन्यात छानच दिसेल. तो दुसऱ्यांदा मैदानात उतरला की घड्याळ लावा. आठव्या-नवव्या मिनिटाला, आपला संघ सलग दोनदा सहा टॅकल बचाव करून दमलेला असताना, तो दहा मीटरच्या रेषेवर इतरांबरोबर पोचतो का ते बघा. आणि बेंचवर आल्यावर टॉवेल डोक्यावर घेऊन खाली बघत बसतो, की शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात टाकून मैदानाकडे बोट दाखवत काहीतरी सांगत असतो, तेही बघा.